प्रेक्षकांची दाद : एका अंतराळपटाचा बोध

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि विस्तार अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

नाटकातील नटाला एक मोठी सोय असते. प्रेक्षागृहात काय चालले आहे ते त्याला रंगमंचावर ऐकू येते. वाक्य पोचले तर हशा उठतो. न पोचले तर खुर्च्या करकरू लागतात आणि खोकल्याची साथ पसरते. मराठी संगीत नाटकाच्या वैभवकाळात प्रेक्षक 'वन्समोअर' म्हणत आणि गायक नटाला तेच पद पुन्हा म्हणावे लागे. तमाशातील सोंगाड्या तर समोरच्या हशाचा अंदाज घेऊनच पुढचा शब्द टाकतो. दाद देणारा आणि दाद घेणारा यांच्यामध्ये तेथे कोणी मध्यस्थ नसतो.

चित्रपटाला ही सोय नाही. पडद्यावरील पात्रांना समोरचे ऐकू येत नाही. चित्रपट एकदा तयार झाला की प्रेक्षक हसो, रडो किंवा उठून जावो, त्यातील एकही वाक्य बदलत नाही. निर्माता एका खंडात आणि प्रेक्षक दुसऱ्या खंडात, असेही पुष्कळदा घडते. प्रेक्षकांची दाद निर्मात्यापर्यंत पोचायची तर ती कोणीतरी मुद्दाम गोळा करावी लागते, नीट वाचावी लागते आणि तिचा प्रामाणिकपणे अर्थ लावावा लागतो.

हा प्रश्न केवळ चित्रपटाचा नाही. योजना आखणारा आणि योजनेचा लाभ घेणारा हेही सहसा एका सभागृहात बसलेले नसतात. म्हणून दूरवरच्या प्रेक्षकाने एखाद्या कलाकृतीला काय प्रतिसाद दिला, तो कसा मोजला गेला आणि त्याचा अर्थ कोणाला कळला, हे पाहणे लोकांत काम करणाऱ्यांना उद्बोधक ठरावे. त्यासाठी येथे एका विनोदी अंतराळपटाचे उदाहरण घेतले आहे. विषय हलका वाटेल. परंतु लोकांचे मन पुष्कळदा हलक्या प्रसंगीच मोकळे होते.

अनोळखी नायक

'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी', म्हणजे 'आकाशगंगेचे राखणदार', हा अमेरिकन चित्रपट १ ऑगस्ट २०१४ रोजी त्या देशात प्रदर्शित झाला. निर्मिती मार्व्हल स्टुडिओज या संस्थेची, दिग्दर्शन जेम्स गन यांचे आणि पटकथा गन व निकोल पर्लमन यांची. या संस्थेचे आधीचे नायक, आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका, थॉर, चित्रकथांच्या वाचकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. या नव्या चित्रपटातील मंडळींना मात्र फारसे कोणी ओळखत नव्हते. या नावाचा संच चित्रकथेत प्रथम १९६९ मध्ये आला. पुढे २००८ मध्ये डॅन अ‍ॅबनेट आणि अँडी लॅनिंग या लेखकांनी त्याची नवी मांडणी केली. चित्रपटाने मुख्यतः ती नवी मांडणी उचलली.

नायक तरी कसले? एक भुरटा चोर, एक पळून आलेली मारेकरीण, सूडाने पेटलेला एक कैदी, बंदूक चालवणारा व तोंडाळ असा एक रॅकून, आणि एक चालते झाड. रॅकून हा उत्तर अमेरिकेतील, शेपटीवर पट्टे असलेला आणि डोळ्यांभोवती काळा मुखवटा चढवल्यासारखा दिसणारा लहान प्राणी. अशा पाच जणांनी विश्व वाचवायचे, ही कल्पनाच धंद्यातील जाणत्यांना धाडसाची वाटली. संस्थेचा हा पहिला आपटणारा चित्रपट ठरेल, अशी शंका उघडपणे बोलली जात होती.

प्रेक्षकांनी ती खोटी ठरवली. पहिल्या तीन दिवसांत अमेरिका आणि कॅनडात चित्रपटाने सुमारे ९ कोटी ४० लाख डॉलर मिळवले. ऑगस्ट महिन्यात प्रदर्शित झालेल्या चित्रपटांत तोवरचा तो उच्चांक होता. जगभरातील उत्पन्न पुढे ७७ कोटी डॉलरवर गेले. आकडे मोठे आहेत. परंतु लोक आले का, एवढेच ते सांगतात. ते कशासाठी आले आणि काय घेऊन परतले, हे जाणायचे तर प्रेक्षागृहात शिरले पाहिजे.

हशाच्या आतील दुःख

चित्रपटाची सुरुवात विनोदाने होत नाही. १९८८ साल, अमेरिकेतील मिसुरी राज्य. पीटर क्विल नावाच्या लहान मुलाची आई रुग्णालयात मृत्युशय्येवर आहे. ती त्याच्यापुढे हात करते. घाबरलेला मुलगा तोंड फिरवतो, आणि त्याच क्षणी ती जाते. मुलगा धावत बाहेर येतो आणि एक अंतराळयान त्याला उचलून नेते. त्यानंतर सव्वीस वर्षांनी तो एका उजाड ग्रहावर दिसतो. कानाला वॉकमन लावतो, कॅसेट सुरू करतो, आणि वाटेत आडव्या आलेल्या सरड्यासारख्या प्राण्यांना लाथेने उडवत नाचू लागतो. काही मिनिटांपूर्वी स्तब्ध झालेले प्रेक्षागृह येथे मोकळेपणाने हसते.

हे हसू आईचे दुःख पुसून टाकत नाही. ती कॅसेट आईनेच भरून दिलेली आहे. तिच्यातील १९६० व १९७० च्या दशकांतील गाणी म्हणजे त्या मुलापाशी उरलेले घर. प्रेक्षक नाचाला हसतो तेव्हा नाच कशावर उभा आहे हे त्याला ठाऊक असते. त्या गाण्यांना मिळालेली दादही वेगळीच होती. चित्रपटातील गाण्यांचा संग्रह अमेरिकेतील 'बिलबोर्ड' यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. सर्वच्या सर्व गाणी पूर्वप्रकाशित असलेला चित्रपट-संग्रह त्या स्थानी जाण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो संग्रह कॅसेटवरही काढण्यात आला. कॅसेट बाजारातून केव्हाच हद्दपार झाली होती; तरी ती विकत घेणारे निघाले. आईबापांना ओळखीची असलेली गाणी मुले प्रथमच ऐकत होती, आणि दोन पिढ्या एकाच खेळाला शेजारी बसून एकाच ठेक्यावर पाय हलवत होत्या.

शेवटच्या प्रसंगात हीच वीण पुन्हा दिसते. रोनन हा खलनायक एका संपूर्ण ग्रहाचा विनाश करण्यासाठी हात उगारतो. क्विल त्याच्यासमोर गाणे म्हणत नाचू लागतो आणि त्याला नाचाच्या स्पर्धेचे आव्हान देतो. रोनन गोंधळतो, प्रेक्षकांत हास्याचा स्फोट होतो. त्यानंतर क्षणभरातच क्विलच्या हाती ती संहारक शक्ती येते, त्याचे शरीर फाटू लागते, आणि गमोरा ही सहकारी त्याच्यापुढे हात करते. तिच्या जागी त्याला आई दिसते. लहानपणी जो हात धरायचा राहिला तो आता तो धरतो. हसणारे लोक येथे एकदम गप्प होतात. विनोदाने मनाचे दार उघडले नसते तर हे दुःख आत शिरले असते का, असा प्रश्न या शांततेने उभा केला. चित्रपटाच्या यशाचे मर्म याच ठिकाणी आहे.

तीन शब्दांचे पात्र

पाच जणांपैकी प्रेक्षकांनी सर्वांत जास्त प्रेम केले ते झाडावर. त्याचे नाव ग्रूट. चित्रकथेत तो प्रथम १९६० मध्ये आला तेव्हा पृथ्वीवर चाल करून आलेला राक्षस होता. चित्रपटात तो सौम्य, धिप्पाड आणि निरागस आहे. त्याला बोलता येतात ते तीनच शब्द : 'मी आहे ग्रूट.' राग आला तरी तेच, भीती वाटली तरी तेच, निरोप घेतानाही तेच. त्याचा अर्थ कळतो तो फक्त रॉकेट या रॅकूनला, कारण तो त्याच्याबरोबर राहिला आहे.

व्हिन डिझेल या नटाने ग्रूटला आवाज दिला आणि अनेक परभाषांतील आवृत्त्यांसाठीही ते तीन शब्द स्वतःच म्हटले. शब्द ठरलेले असले तरी त्यांचा सूर दर वेळी वेगळा असे, आणि त्या प्रत्येक सुरामागे निश्चित अर्थ असे. दुसऱ्या भागाच्या पटकथेच्या एका खास प्रतीत तर ग्रूटच्या प्रत्येक 'मी आहे ग्रूट'चा खरा अर्थ लिहून ठेवलेला होता. ती प्रत दिग्दर्शक आणि नट यांच्याचपुरती होती.

प्रेक्षक आरंभी या तीन शब्दांना हसतो, कारण पुनरावृत्ती हास्यास्पद असते. हळूहळू तो सूर ऐकू लागतो. यान कोसळत असताना ग्रूट आपल्या फांद्यांचे कवच करून मित्रांना त्यात घेतो. तसे केले तर तो स्वतः मरणार हे रॉकेटला दिसते आणि तो त्याला विनवतो. तेव्हा ग्रूट एकच शब्द बदलतो. 'मी'च्या जागी 'आपण' येते. संपूर्ण चित्रपटात त्याने बदललेला हा एकच शब्द, आणि तोवर त्याच्या भाषेला हसणाऱ्या प्रेक्षकांचे डोळे त्याच शब्दाला भरून आले.

रॉकेट त्याची एक फांदी कुंडीत लावतो. चित्रपटाच्या शेवटी ते रोप कुंडीतल्या कुंडीत नाचते आणि शेजारच्याने मान वळवताच स्तब्ध उभे राहते. या काही सेकंदांच्या दृश्याने लहानमोठ्या प्रेक्षकांना वेड लावले. मागणी एवढी झाली की नाचणाऱ्या रोपाची खेळणी बाजारात आली. त्या नाचासाठी स्वतः दिग्दर्शक गन नाचले होते आणि त्यांच्या हालचालींवरून चित्रकारांनी ते रोप हलते केले, हेही पुढे प्रसिद्ध झाले.

ज्यांनी स्वतःला ओळखले

प्रेक्षकांची काही दाद आकड्यांत दिसत नाही. ड्रॅक्स नावाचे पात्र प्रत्येक वाक्य शब्दशः घेते. गोष्ट डोक्यावरून गेली, असे कोणी म्हणाले तर आपल्या डोक्यावरून काहीच जाऊ शकत नाही, आपण ते चपळाईने पकडू, असे तो गंभीरपणे सांगतो. सामान्य प्रेक्षकाला हा विनोद वाटला. परंतु स्वमग्नता असलेल्या एका मुलाच्या नातेवाइकाने वेगळा अनुभव लिहिला. त्या मुलालाही वाक्प्रचारांचा लक्ष्यार्थ कळत नसे. पडद्यावर आपल्यासारखाच कोणी आहे, तो शूर आहे आणि त्याचे सोबती त्याला आपला मानतात, हे पाहून त्याला अतिशय आनंद झाला. हा अनुभव पुष्कळांनी वाचला आणि तो जेम्स गन यांच्यापर्यंतही पोचला.

शिक्षकांनी या प्रसंगाचा मुद्दाम विचार करावा. वर्गातील जो मुलगा म्हणीचा अर्थ शब्दशः सांगतो त्याला वर्ग हसतो. पडद्यावरील सोबतीही ड्रॅक्सला हसतात, पण त्याला टाकून देत नाहीत. हशा तोच, मुलाच्या मनावर होणारा परिणाम मात्र सर्वस्वी वेगळा.

दुसरा प्रसंग एकाच प्रेक्षकाचा आहे. रॉकेट हे पात्र १९७६ मध्ये लेखक बिल मँटलो आणि चित्रकार कीथ गिफन यांनी निर्माण केले. १९९२ मध्ये मँटलो यांना एका मोटारीने ठोकरले. मोटारचालक न थांबता निघून गेला. त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि त्यांचे पुढील आयुष्य शुश्रूषागृहात जाऊ लागले. २०१४ मध्ये मार्व्हलने तेथे त्यांच्यासाठी या चित्रपटाचा खासगी खेळ केला. त्यांनी तो मनापासून पाहिला आणि त्यांना अतिशय समाधान झाले, असे त्यांच्या भावाने नंतर जाहीरपणे सांगितले. अडतीस वर्षांपूर्वी कागदावर उतरवलेला प्राणी पडद्यावर बोलताना पाहणाऱ्या या प्रेक्षकाचा अभिप्राय कोणत्याही तक्त्यात बसणारा नव्हता.

अभिप्राय मोजण्याची रीत

तरीही मोजमाप हवेच. अमेरिकेत हे काम 'सिनेमास्कोर' ही संस्था करीत आली आहे. तिची स्थापना लास व्हेगास येथील एड मिन्ट्झ यांनी १९७९ मध्ये केली. समीक्षकांनी वाखाणलेला एक विनोदी चित्रपट पाहून त्यांची निराशा झाली होती. सामान्य प्रेक्षकाला काय वाटले हे कोणीच का विचारीत नाही, असा सवाल तेथेच कोणीतरी केला आणि तो मिन्ट्झ यांच्या मनात राहिला. पुढे प्रार्थनामंदिरात देणगीचा आकडा नोंदवण्यासाठी वाटली जाणारी कार्डे त्यांनी पाहिली, आणि तशीच कार्डे चित्रपटगृहाच्या दारात वाटावीत ही कल्पना त्यांना सुचली.

पद्धत साधी आहे. प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री निवडक शहरांत बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना कार्ड दिले जाते. त्यावर वय, लिंग, येण्याचे कारण आणि 'ए'पासून 'एफ'पर्यंतची श्रेणी एवढेच विचारलेले असते. मोठी प्रश्नावली नाही, सही नाही, नाव नाही. प्रेक्षक मिनिटभरात मोकळा होतो. 'गार्डियन्स'च्या २०१४, २०१७ आणि २०२३ या तिन्ही भागांना प्रेक्षकांनी 'ए' श्रेणी दिली.

या श्रेणीचा उपयोग पुढच्या आठवड्यात कळतो. पहिल्या आठवड्यातील गर्दी जाहिरातीची असते, दुसऱ्यातील गर्दी शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितलेल्या गोष्टीची असते. २०२३ च्या फेब्रुवारीत याच संस्थेचा 'अँट-मॅन'चा तिसरा भाग आला. त्याने अमेरिका-कॅनडात पहिल्या तीन दिवसांत सुमारे १० कोटी ६० लाख डॉलर मिळवले. श्रेणी मिळाली 'बी'. दुसऱ्या शनिवार-रविवारी उत्पन्न सुमारे ३ कोटी २० लाखांवर आले, म्हणजे सत्तर टक्क्यांनी घसरले. तीन महिन्यांनी 'गार्डियन्स'चा तिसरा भाग आला. त्याचा आरंभ सुमारे ११ कोटी ८० लाखांचा, म्हणजे फार मोठा नव्हता. पण दुसऱ्या आठवड्यात ६ कोटी २० लाख टिकले. घसरण अठ्ठेचाळीस टक्क्यांच्या आसपास राहिली. कार्डावरची एक श्रेणी आणि शेजाऱ्याचा एक शब्द यांत किती बळ असते, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिल्या रात्री येतो तो मुळातच उत्सुक प्रेक्षक. जो आलाच नाही त्याला कोणी कार्ड देत नाही. सभेला हजर राहिलेल्यांचे मत म्हणजे गावाचे मत, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी ही मर्यादा विसरू नये.

विनोद कोठे बोथट होतो

अंतराळ, पराक्रम आणि विनोद ही सामग्री एकत्र आली की यश ठरलेलेच, असेही नाही. याच संस्थेच्या 'थॉर : रॅग्नारॉक' या २०१७ च्या चित्रपटाला विनोदामुळे मोठी दाद मिळाली आणि श्रेणी 'ए' मिळाली. दिग्दर्शक होते टायका वैतीती. त्यांचाच 'थॉर : लव्ह अँड थंडर' २०२२ मध्ये आला. त्याला 'बी प्लस' मिळाली आणि १४ कोटी ४० लाखांवरून दुसऱ्या आठवड्यात उत्पन्न पाच कोटींच्या खाली घसरले.

या चित्रपटाची नायिका जेन फॉस्टर कर्करोगाशी झुंजत आहे आणि खलनायक हा आपली मुलगी गमावलेला बाप आहे. दोन्ही दुःखे खरी आहेत. परंतु पुष्कळ प्रेक्षकांची तक्रार अशी की दुःख मुरण्याआधीच त्यावर पुढचा विनोद येऊन पडतो. विनोद वाईट होते असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांना थांबायला जागा मिळाली नाही. 'गार्डियन्स'मध्ये हशानंतर शांतता येते आणि ती तशीच राहू दिली जाते. येथे ती राहिली नाही. ज्याला प्रेक्षकाची शांतता सोसत नाही त्याला त्याचा हशाही फार काळ मिळत नाही.

विनोदाच्या जबाबदारीची आणखी एक बाजू २०१८ मध्ये समोर आली. जेम्स गन यांनी अनेक वर्षांपूर्वी समाजमाध्यमावर लिहिलेले काही किळसवाणे विनोद त्या वर्षी जुलैत पुन्हा बाहेर काढण्यात आले. ते खरोखरच निषेधार्ह होते. गन यांनी क्षमा मागितली. तरी डिस्ने कंपनीने त्यांना तिसऱ्या भागावरून दूर केले. तेव्हा चित्रपटातील नऊ प्रमुख कलावंतांनी त्यांच्या पाठीशी उभे राहणारे उघड पत्र काढले आणि त्यांना परत घ्यावे या मागणीच्या अर्जावर ४ लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. लोकमत एकमुखी नव्हते. कंपनीचा निर्णय योग्य मानणारेही होते. मार्च २०१९ मध्ये गन यांना परत घेतल्याचे जाहीर झाले. चुकलेल्या माणसाला पुन्हा संधी द्यावी की नाही, हा या चित्रपटमालेचाच विषय. तोच तिच्या प्रेक्षकांपुढे प्रत्यक्षात येऊन उभा राहिला.

क्रमांक आणि नाव

तिसरा भाग मे २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. यात रॉकेटचा भूतकाळ उलगडतो. निर्दोष समाज घडवण्याच्या वेडाने पछाडलेला एक शास्त्रज्ञ प्राण्यांवर प्रयोग करतो. रॉकेट हा त्यांतलाच एक. त्याला नाव नाही. '८९पी१३' हा क्रमांक आहे. पिंजऱ्यात त्याचे तीन मित्र आहेत, एक पाणमांजर, एक वॉलरस आणि एक ससा. तिघांच्याही शरीरात लोखंड बसवलेले. ही चौघे अंधारात पडून आपापली नावे ठरवतात आणि एके दिवशी आकाश पाहण्याचे बेत करतात. प्रयोग संपताच शास्त्रज्ञाच्या लेखी त्यांचा उपयोग संपतो.

हा भाग विनोदी मालेतील आहे हे प्रेक्षक येथे विसरले. मोठी माणसे रडत बाहेर आली. काही पालकांना ही दृश्ये लहान मुलांसाठी फार क्रूर वाटली, आणि त्यांची तक्रार अनाठायी नव्हती. प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'पेटा' या संघटनेने मात्र प्रयोगशाळेतील प्राणी हा क्रमांक नसून जीव आहे हे लोकांच्या मनावर ठसवल्याबद्दल गन यांचा गौरव केला. एकाच दृश्याला मिळालेले हे दोन्ही प्रतिसाद खरे होते. मूल घाबरले हेही खरे आणि मोठ्यांना प्रथमच त्या पिंजऱ्याची जाणीव झाली हेही खरे. अभिप्राय गोळा करणाऱ्याने यांपैकी सोईचा तेवढा उचलू नये.

चित्रपटाच्या अखेरीस सर्व सोबती एकमेकांचा निरोप घेतात, आणि ग्रूट पहिल्यांदाच सरळ भाषेत सर्वांवरील आपले प्रेम व्यक्त करतो. ग्रूट अखेर माणसांची भाषा शिकला, असे अनेकांना वाटले. जेम्स गन यांनी त्याचा खुलासा केला तो असा : ग्रूट नेहमीसारखेच बोलला आहे, इतकी वर्षे त्याच्या सहवासात राहिल्यामुळे आता प्रेक्षकाला त्याची भाषा कळू लागली आहे.

ऐकणाऱ्याचे शिक्षण

प्रेक्षकांच्या प्रतिसादाची ही सारी हकीकत या एका खुलाशापाशी येऊन थांबते. नऊ वर्षे ग्रूटने आपली भाषा बदलली नाही. बदलला तो ऐकणारा. आरंभी ज्या तीन शब्दांना तो हसला त्याच शब्दांचा सूर तो ओळखू लागला, कारण तो पुनःपुन्हा आला आणि मन लावून बसला.

ग्रामसभेतही असे एखादे माणूस असते. मागच्या ओळीतून एक म्हातारी उठते आणि म्हणते, 'पाणी येत नाही.' मागील सभेतही ती हेच म्हणाली होती, त्याआधीच्या सभेतही हेच. दोनचार जण हसतात, सरपंच मान हलवतात, आणि इतिवृत्तात 'चर्चा झाली' अशी नोंद होते. तिचे शब्द तीनच आहेत. पण एका वर्षी नळाला तोटी नसते, दुसऱ्या वर्षी तोटी असते पण पाणी वरच्या आळीपर्यंत चढत नाही, तिसऱ्या वर्षी पाणी चढते पण ते रात्री दोन वाजता येते आणि तेव्हा भरायला घरात धडधाकट माणूस नसते. शब्द तेच राहिले. तक्रार दर वर्षी वेगळी होती. ते कळायला तिच्या ओट्यापर्यंत जावे लागते.

चित्रपटाच्या धंद्याला प्रेक्षकाच्या मनात शिरण्याचे एक कारण आहे. तसे न केले तर दुसऱ्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या राहतात. गावाच्या बाबतीत अशी शिक्षा लगेच होत नाही. न ऐकलेली म्हातारी पुढच्या सभेलाही येते, त्याच्या पुढच्याही येते, आणि मग एक दिवस यायची बंद होते. तिची जागा रिकामी दिसली म्हणजे तक्रार मिटली, असे समजण्याचा मोह होतो. ज्यांना तिच्या तीन शब्दांचा सूर ठाऊक असेल त्यांना मात्र तो मोह होणार नाही. ते सभा संपल्यावर वह्या मिटतील आणि वरच्या आळीकडे चालू लागतील.